पाषाणातील पत्री

श्रावण उजाडला, की आपल्या घराघरांतून पानांची परीक्षा सुरू होते. मंगळागौरीची पत्री, हरितालिकेची पत्री आणि पुढे गणेशचतुर्थीला एकवीस प्रकारची पत्री! परसातून, ओढ्याकाठून, शेताच्या बांधावरून आणलेल्या त्या हिरव्या ढिगातून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया एकेक पान ज्या सहजतेने निवडून ठेवतात, तिचा एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही हेवा करावा. मरवा वासानेच कळतो. रुईचे पान खुडले की पांढरा चीक येतो. माका चुरगळला की त्याचा रस काळा पडतो. आघाड्याचा तुरा पदराला चिकटतो, डोरलीचा काटा बोटात रुततो आणि विष्णुक्रांता आपल्या निळ्या फुलाने ओळख देते. म्हणजे आपण पान ओळखतो असे म्हणतो खरे, परंतु वस्तुतः गंध, स्पर्श, रस, रंग, फूल आणि काटा हे सारे साक्षीदार एकत्र बोलावून मगच निवाडा देतो.

आता वाचकांनी क्षणभर अशी कल्पना करावी, की पत्रीच्या तबकातील हे सारे साक्षीदार एकाएकी नाहीसे झाले. वास गेला, रंग गेला, चीक आणि काटा गेला. फूल व फळ तर नाहीच. उरले ते केवळ दगडावर उमटलेले पानाचे रेखाचित्र, आणि तेही बहुधा टोक तुटलेले, देठ हरवलेले. अशा पानाला कोणते नाव द्यावे? आणि दिलेले नाव बरोबर आहे हे कशावरून ठरवावे? अश्मीभूत पानांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांपुढे दररोज हाच प्रश्न उभा असतो. त्याची उकल ते कशी करतात, तिच्यात कोठे फसगत होते, आणि आपल्या महाराष्ट्राच्या भूमीने या विद्येत कोणती भर घातली आहे, याचा थोडासा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

खडूचे युग

पृथ्वीच्या इतिहासाचे जे कालखंड भूशास्त्रज्ञांनी पाडले आहेत, त्यांपैकी 'क्रिटेशस' हा सुमारे चौदा-साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. लॅटिन भाषेत 'क्रेटा' म्हणजे खडू. युरोपात या काळी साठलेले खडूचे जाड थर पाहून १८२२ मध्ये बेल्जियमच्या एका भूशास्त्रज्ञाने या काळाला हे नाव दिले. प्रचंड सरडे, ज्यांना आपण डायनोसॉर म्हणतो, ते या युगाच्या अखेरीस लयास गेले, ही गोष्ट आता शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु वनस्पतींच्या दृष्टीने या युगाचे महत्त्व निराळेच आहे. याच युगात फुले येणाऱ्या, बी फळाच्या पोटात झाकून ठेवणाऱ्या 'आवृतबीज' वनस्पती प्रथम थोड्या आणि मग झपाट्याने वाढत जाऊन पृथ्वीभर पसरल्या. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी देवदार तेवढा जुन्या, उघड्या बीच्या 'प्रकटबीज' घराण्यातला. बाकीचा सारा गोतावळा या नव्या घराण्याचा आहे. तेव्हा क्रिटेशस काळातील पान ओळखणे म्हणजे आपल्या तबकातील पत्रीचा वंशवृक्ष शोधणे होय.

काळा फत्तर आणि खोटी पाने

पान हे मुळात किती नाशवंत! गळून पडले की चार-सहा महिन्यांत त्याची माती होते. ते दगडात टिकावयाचे, तर ते संथ पाण्यात पडले पाहिजे, त्यावर बारीक गाळ त्वरेने बसला पाहिजे, आणि तो गाळ पुढे दडपून दगड झाला पाहिजे. याचेही तीन प्रकार आहेत. पान कुजून गेले आणि गाळात नुसता त्याचा ठसा राहिला, हा पहिला. पानाचाच कोळसा होऊन पातळ पापुद्रा शिल्लक राहिला, हा दुसरा. आणि पाण्यात विरघळलेली गारेची माती, म्हणजे सिलिका, पेशीपेशीत शिरून पान जसेच्या तसे गारगोटी झाले, हा तिसरा. ठशावरून केवळ आकार कळतो. पापुद्र्यावरून त्वचा कळते. आणि गारगोटी झालेल्या भागाचे पातळ काप घेतले, तर सूक्ष्मदर्शकाखाली आतील पेशीही मोजता येतात.

हे लक्षात घेतले म्हणजे आमच्या चऱ्होलीसारख्या गावी खरी अश्मीभूत पाने का सापडत नाहीत, याचा उलगडा होतो. आळंदीच्या शेजारी, इंद्रायणीच्या काठी वसलेल्या या गावाखाली सर्वत्र काळा फत्तर आहे. नदीच्या पात्रात तो उघडा पडलेला दिसतो, विहीर खणताना मुरुमाखाली लागतो, आणि हल्ली उंच इमारतींच्या पायासाठी जे खोल खड्डे घेतात त्यांतूनही तोच निघतो. हा फत्तर म्हणजे क्रिटेशस युगाच्या सरत्या काळी भूमीच्या भेगांतून वाहिलेला तप्त शिलारस. दख्खनवर त्याचे थरांवर थर बसले. झीज होऊन आज जे उरले आहे तेही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेले आहे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या त्या रसात पान पडले तर त्याची राखही राहावयाची नाही. पाने टिकली ती अन्यत्र. दोन उद्रेकांमध्ये पुष्कळ काळ गेला, मधल्या काळात तळी साठली, त्यांच्या काठी झाडे वाढली आणि तळ्यातील गाळ पुढच्या शिलारसाखाली झाकला गेला, अशी स्थळे मुख्यतः विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या छिंदवाडा प्रांतात आहेत. या मधल्या थरांना 'आंतर-ट्रॅपी थर' असे नाव आहे.

असे असूनही आमच्या गावी दर वर्षी दोन-चार जण तरी 'दगडात उमटलेले पान' घेऊन येतात. काळ्या किंवा करड्या दगडाच्या सपाट बाजूवर नेच्याच्या पानासारखी नाजूक, फांद्याफांद्यांची नक्षी असते. ती इतकी रेखीव, की पाहणाऱ्याने हे पानच म्हणावे! एका कुटुंबाने तर असा दगड भक्तिभावाने देव्हाऱ्यात ठेवलेला आम्ही पाहिला आहे. परंतु ही नक्षी वनस्पतीची नव्हे. दगडाच्या बारीक भेगेत पाणी झिरपते. त्यात मँगनीज व लोह यांचे अंश विरघळलेले असतात. ते भेगेच्या पृष्ठावर साठत जाताना आपोआप शाखांचा आकार घेतात. थंड प्रदेशात काचेच्या तावदानावर हिमाची पाने उमटतात, तसाच हा प्रकार. अकिकाच्या खड्यात जे हिरवे-काळे 'शेवाळ' दिसते तेही याच जातीचे.

खरे आणि खोटे निवडावयाचे कसे? खऱ्या पानाला कड असते, आणि त्याच्या सर्व शिरा त्या कडेच्या आत राहतात. नक्षीला कड नसते, ती भेगेच्या काठापासून निघून वाटेल तिकडे फाकत जाते. खऱ्या पानात मधली शीर जाड, तिच्यापासून निघणाऱ्या बारीक, त्यांच्यापासून निघणाऱ्या त्याहून बारीक, असा अधिकारक्रम असतो. नक्षीत थोरला-धाकटा हा भेद राहत नाही. एवढ्या दोन खुणांवर बहुतेक शंका मिटतात.

देव्हाऱ्यातून तो दगड काढून टाकावा, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पूजा भावाची असते, आणि दगडातील तो निसर्गाचा हात पाहून हात जोडावेसे वाटले तर त्यात वावगे काय? परंतु नातवाने 'आजोबा, हे काय?' असे विचारल्यावर 'हे लाखो वर्षांपूर्वीचे पान' असे मात्र सांगू नये. गंमत अशी, की पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यात खरा जीवाश्म आधीपासून विराजमान असतो आणि त्याची कोणाला कल्पना नसते. गंडकी नदीतून येणाऱ्या ज्या शाळिग्रामात चक्र असते, ते चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. हिमालय जेथे आज उभा आहे, तेथे पूर्वी समुद्र होता, याची ती साक्ष. ज्या देव्हाऱ्यात खरा जीवाश्म आहे, तेथे खोट्याला खरे म्हणण्याची गरज ती काय?

लक्षणाचे तीन दोष

आता खऱ्या पानाकडे वळू. दगड फोडला आणि पानाचा स्वच्छ ठसा हाती आला, पुढे काय? तर्कशास्त्र शिकलेल्या वाचकांना लक्षणाचे तीन दोष आठवत असतील: अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. 'जिला शिंगे ती गाय' म्हटले तर म्हैसही गाय होते, ही अतिव्याप्ती. 'जी कपिला ती गाय' म्हटले तर काळी गाय सुटते, ही अव्याप्ती. आणि 'जिचा खूर अखंड ती गाय' म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. अश्मीभूत पानांच्या वर्गीकरणाचा सारा इतिहास या तीन दोषांशी चाललेला झगडा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

स्वयंपाकघरातील उदाहरण घेऊ. मसाल्याच्या डब्यातील तमालपत्र उजेडात धरून पाहावे. त्यात देठापासून निघून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात. आता बोरीचे पान पाहावे. त्यातही तशाच तीन शिरा! 'तीन शिरांचे ते तमालपत्र' असे लक्षण केले, तर बोर दालचिनीच्या कुळात जाऊन बसेल. परंतु तमालपत्राची कड अखंड आहे आणि बोरीची बारीक दातेरी. शिवाय तीन शिरांना जोडणाऱ्या आडव्या शिरांची ठेवण दोघांत निराळी आहे. म्हणजे एका लक्षणावर विसंबता येत नाही. लक्षणांचा समूह पाहावा लागतो.

म्हणून पान हाती आले की अभ्यासक काही प्रश्न क्रमाने विचारतो. पान साधे की संयुक्त? बेलाचे त्रिदल आपण एक पान मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दगडात त्याची तीन दले सुटी सापडली तर ती तीन पाने वाटतील. कडुनिंबाच्या दलाचा तळ एका बाजूला तिरका असतो. असा तिरपेपणा दिसला की हे मोठ्या पानाचे एक दल असावे अशी शंका घ्यावी. पुढे आकार आणि लांबी-रुंदीचे प्रमाण. मग टोक: पिंपळासारखे लांब शेपटीचे, की बोथट? मग तळ, मग कड. आणि सर्वांत महत्त्वाचा तो शिराविन्यास. केळीच्या पानात मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर रेघा जातात. आंब्यात पिसाप्रमाणे दोहो बाजूंना शिरा निघतात. एरंडात देठाच्या टोकापासून हाताच्या बोटांसारख्या फाकतात. दुय्यम शिरा कडेपर्यंत पोचतात की अलीकडेच कमान करून एकमेकींना मिळतात? तिसऱ्या दर्जाच्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आहेत की जाळीसारख्या? कडेला दात असतील तर शीर दाताच्या टोकात शिरते की दोन दातांमधील खाचेत? ऑस्ट्रियाचे एटिंग्सहाउझेन यांनी १८६१ मध्येच पानांच्या शिरांचे छाप घेऊन त्यांचे वर्ग पाडले होते; परंतु या सर्व प्रश्नांची एकसूत्री परिभाषा अमेरिकेच्या लिओ हिकी यांनी १९७३ मध्ये बांधून दिली, आणि तिच्या सुधारलेल्या रूपावर आजही हे काम चालते.

ही शिस्त येण्यापूर्वी काय होत असे, तेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कॅन्सस प्रांताच्या क्रिटेशस वालुकाश्मातून हजारो पाने निघाली. लिओ लेस्करो या थोर अभ्यासकाने त्यांची वर्णने केली. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे, जे पान आजच्या ज्या झाडाच्या पानासारखे दिसे, त्या झाडाचेच नाव त्याला मिळे. त्यामुळे त्या यादीत मॅग्नोलिया आहे, सॅसाफ्रास आहे, आणि आपल्या वड-पिंपळ-उंबरांचा 'फायकस' वंशही आहे! पुढे डेव्हिड डिल्चर यांच्यासारख्या अभ्यासकांनी शिरा आणि त्वचा बारकाईने तपासण्याचा आग्रह धरला, तेव्हा असली पुष्कळ नावे टिकेनाशी झाली. बाह्य साम्य होते, कुळ निराळे होते. जुन्या विद्वानांना हसण्याचे कारण नाही. त्यांनी गोळा केलेली आणि काढलेली चित्रे नसती, तर पुढच्यांना तपासावयास काही उरलेच नसते. १९७७ मध्ये हिकी आणि जेम्स डॉयल यांनी अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरील क्रिटेशस थरांतील पाने खालून वर क्रमाने लावली. सर्वांत खालच्या थरांतील आवृतबीज पाने लहान, साधी आणि त्यांच्या शिरा काहीशा अस्ताव्यस्त. वर वर जावे तसतसे आकार विविध आणि शिरा सुव्यवस्थित. फुलझाडांचा उदय पायरीपायरीने झाला, हे पानांनीच सांगितले. प्रत्येक पानाला आधुनिक नाव चिकटवले असते, तर ही पायऱ्यांची मांडणी दिसलीच नसती.

कधी कधी तर नावाविनाही पान बोलते. १९१५ मध्ये बेली आणि सिनट या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की उष्ण प्रदेशातील वृक्षांत अखंड कडेच्या पानांचे प्रमाण अधिक असते आणि थंड प्रदेशात दातेरी पानांचे. आपल्याकडील वड, पिंपळ, आंबा, जांभूळ, फणस, करंज ही पाने डोळ्यांपुढे आणावी. साऱ्यांच्या कडा अखंड आहेत. दातेरी कडुनिंबासारखा अपवाद असतो. परंतु पुष्कळ पानांचे प्रमाण काढले की त्या प्राचीन वनाचे हवामान उष्ण होते की शीत, याचा अंदाज बांधता येतो.

एक झाड, अनेक नावे

आता ज्या प्रश्नात संस्कृतज्ञ वाचकांना विशेष रस वाटेल, त्या नावांच्या प्रश्नाकडे येऊ. 'पत्र' आणि 'पर्ण' या दोन्ही शब्दांचे संस्कृतात पान आणि पंख असे दोन्ही अर्थ आहेत. म्हणून तर गरुड 'सुपर्ण' झाला. कच्छमध्ये कॅप्टन ग्रँट यांनी गोळा केलेली काही अश्मीभूत पाने इंग्लंडात गेली, आणि १८४० मध्ये मॉरिस यांनी त्यांना 'टिलोफायलम' असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ 'पिसासारखे पान'. 'टिलॉन' हा ग्रीक शब्द आणि आपला 'पत्र' हा शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच मूळ धातूकडे नेतात. अर्थात, हे नाव ठेवणाऱ्यास जो भास झाला तोच आपल्या पूर्वजांनाही झाला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हे पिसासारखे पान कोणाचे? दिसावयास ते थेट सायकस या बागेत लावतात त्या झाडासारखे. म्हणून या साऱ्या पानांना सायकसच्याच कुळात घालीत. १९१३ मध्ये हॅमशॉ थॉमस आणि नेली बँक्रॉफ्ट या उभयतांनी अशा पानांचे पापुद्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. पानाच्या अंगावर मेणासारखे एक पातळ आवरण असते, त्याला उपत्वचा म्हणतात. ते सहजी कुजत नाही, आणि आम्लाने कोळसा काढून टाकला की त्यावर पेशींचे आणि श्वासरंध्रांचे ठसे स्पष्ट दिसतात. तेव्हा असे आढळले, की यांतील पुष्कळ पानांची रंध्ररचना सायकसहून अगदी भिन्न आहे: रंध्राच्या दोहो बाजूंस एकेक सोबतीण पेशी, आणि आजूबाजूच्या पेशींच्या भिंती नागमोडी. बाहेरून जुळी भावंडे वाटणारी पाने दोन वेगळ्या घराण्यांची निघाली. त्यांतील एक घराणे, ज्याला बेनेटाइटेलीझ म्हणतात, आज पृथ्वीवर अजिबात उरलेले नाही. टिलोफायलम त्यांपैकीच होय.

परंतु पान एकीकडे, खोड दुसरीकडे आणि फूल तिसरीकडे सापडले तर? शास्त्राचा नियम असा, की जोवर ती जोडलेली सापडत नाहीत, तोवर प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्यावे. पानाला टिलोफायलम, खोडाला बकलँडिया, फुलाला विल्यमसोनिया. हे पाहून कोणी हसेल, परंतु या नियमामागे मोठा विवेक आहे. भाताचे एक शीत चाचपून सारा भात शिजला हे ओळखावे, हा स्थालीपुलाकन्याय. आणि हत्तीचा कान चाचपून हत्ती सुपासारखा आहे म्हणावे, हा अंधगजन्याय. पान हे शीत आहे की कान, हे आधी कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ कानाला कानच म्हणतो. पुढे १९३२ मध्ये प्रा. बिरबल साहनी यांनी बंगाल-बिहारकडील, आजच्या झारखंडातील राजमहाल टेकड्यांमधील अश्मीभूत अवशेषांवरून हे खोड, ही पाने आणि हे फूल एकाच झाडाचे आहे असे दाखवून त्या झाडाची संपूर्ण आकृती उभी केली. त्या वेळी हे थर क्रिटेशसच्या आधीच्या जुरासिक युगातील मानीत असत; पुढे तेथील शिलारसाचे वय मोजले गेले तेव्हा ते सुमारे ११.८ कोटी वर्षे, म्हणजे क्रिटेशस काळातील ठरले.

असाच एक प्रसंग आपल्या शेजारच्या मोहगाव कलान येथील. छिंदवाडा जिल्ह्यातील या गावी आंतर-ट्रॅपी थरांत गारगोटी झालेली फळे सापडतात. त्यांतील एका फळाचे कुळ उलगडेना, म्हणून प्रा. साहनी यांनी १९३४ मध्ये त्याला 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे 'कूटफल', असे प्रांजळ नाव दिले. पुढे १९४४ मध्ये नागपूरचे प्रा. व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच ठिकाणच्या एका इवल्याशा अश्मीभूत फुलाचे वर्णन केले, त्याला साहनींच्या नावावरून 'साहनिअँथस' म्हटले, आणि त्या कूटफलाशी असलेला त्याचा संबंधही दाखविला. पुढे ते फूल त्या फळाचेच ठरले. कोडे आहे, हे ज्यांनी नावातच मान्य केले, त्यांच्यामुळे ते सोडविण्याची वाट मोकळी राहिली.

नागपूर ते पिसदुरा

या साऱ्या शोधांचा उगम नागपुरात आहे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रसार हा त्यांचा व्यवसाय. परंतु दगडधोंड्यांचे त्यांना विलक्षण वेड. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह १८५१ मध्ये टाकळीजवळच्या टेकडीवर त्यांना शिलारसाच्या थरांमधील जीवाश्म आढळले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरी नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांचेच स्मारक होय. महाराष्ट्राच्या पश्चिम भागात ही परंपरा पुढे प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी चालविली. पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन करताना त्यांनी आजच्या आणि अश्मीभूत अशा दोन्ही ताडवर्गीय वृक्षांचा सखोल अभ्यास केला.

पानाला दिलेल्या नावावर किती मोठ्या गोष्टी अवलंबून असतात, याचे उदाहरण आपल्या काळ्या फत्तराचेच आहे. हा शिलारस क्रिटेशस युगातील की त्यानंतरच्या तृतीय कल्पातील? जुने मत क्रिटेशसचे होते. प्रा. साहनी यांनी १९३४ मध्ये मोहगाव आदी स्थळांच्या वनस्पतींचा आधार घेऊन तो तृतीय कल्पाच्या आरंभीचा असावा असा पक्ष मांडला. वनस्पतींची ओळख चुकली, तर एवढ्या विस्तीर्ण पसरलेल्या पाषाणाचे वय चुकणार! आज किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या साहाय्याने मोजलेले वय सुमारे ६.६ कोटी वर्षे येते, आणि उद्रेक या दोन कल्पांच्या सीमेच्या अलीकडे-पलीकडे असे दोन्हीकडे झाले असे दिसते. दोन्ही पक्षांत थोडे थोडे सत्य होते.

आणि आता सर्वांत नवलाची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे खेडे आहे. तेथे शिलारसाच्या खालच्या, 'लमेटा' नावाच्या थरांत डायनोसॉरांची हाडे आणि त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी (हे प्रा. बिरबल साहनींचे पुतणे) यांनी या गोळ्यांतील वनस्पतींचे अवशेष तपासून २००५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे पान नव्हते. परंतु पानाच्या पेशींत साठलेले सिलिकेचे सूक्ष्म कण होते. गवताच्या पात्यावरून बोट फिरविले असता जी धार लागते, तिला हे कणच मोठे कारण असतात. प्रत्येक गवतवर्गात त्यांचा आकार ठराविक असतो. काहींचा तर हुबेहूब डमरूसारखा. त्या आकारांवरून निदान पाच प्रकारची गवते त्या प्राण्यांच्या आहारात होती असे ठरले. डायनोसॉरांच्या काळी गवतांचा असा विविध परिवार नव्हता, अशी तोवरची समजूत होती. ती एका खेड्यातील दगडांनी पालटली. पुढे २०११ मध्ये याच अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे भाताच्या गोत्रातील गवतांच्या खुणाही दाखविल्या. ही आपली साळ नव्हे, तिच्या कुळातील अतिप्राचीन आप्त होत, हे ध्यानात ठेवावे. तथापि दूर्वा आणि अक्षता या दोन्हींचे पूर्वज विदर्भात त्या काळी उगवत होते, ही कल्पना पूजेला बसणाऱ्या कोणाही गृहस्थास क्षणभर थांबविणारी नाही काय?

घरातील पर्णवही

हे सारे वाचून मुलांच्या मनात कुतूहल उपजले, तर ते वाया जाऊ देऊ नये. चऱ्होलीत काय किंवा अन्यत्र काय, घरच्या घरी करता येण्याजोगा एक उद्योग आम्ही सुचवितो. पान शिरा वर येतील असे पालथे ठेवावे, त्यावर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासावी. कागदावर पानाचा जो छाप उमटतो, तो अश्मीभूत ठशासारखाच असतो: आकार आणि शिरा, बाकी काही नाही. असे पन्नास छाप जमले की नावे झाकून घरातील सर्वांनी ओळखण्याचा प्रयत्न करावा. वासाने मरवा ओळखणाऱ्या आजींना येथे अडखळावे लागेल, आणि शिरा मोजणारी नात कदाचित पुढे जाईल. मग दोघींनी एकमेकींना आपली विद्या शिकवावी. एकाच तुतीच्या झाडावरून दहा पाने घ्यावी; काही अखंड, काही खाचा पडलेली निघतील. दगडात ती सुटी सापडली असती तर आपण दोन झाडे मानली असती, हे मुलांस तत्काळ उमजेल. आळंदीस गेल्यावर समाधीजवळचा अजानवृक्ष पाहावा. त्याचे पान तोडू नये, तेथेच निरखावे आणि घरी येऊन त्याची कड कशी होती, शिरा कशा होत्या, हे आठवून सांगण्याची पैज लावावी.

आणि विदर्भात प्रवास करताना खरोखरच एखादा ठसा दिसला, तर? तो उकरून पिशवीत टाकण्याचा मोह आवरावा. कोणत्या थरात, कोणत्या बाजूस, कशाच्या शेजारी तो सापडला, ही माहिती गेली की जीवाश्माची निम्मी साक्ष गेली. जागेची नोंद करावी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागास कळवावे. लखनौ येथे प्रा. साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापिलेली पुरावनस्पतिविज्ञानाची संस्था आज त्यांच्याच नावाने चालते, पुण्यास प्रा. शं. पु. आघारकर यांच्या नावे असलेल्या संशोधनसंस्थेतही या विषयाचे काम झाले आहे.

पर्णवहीत काही छापांखाली नाव लिहिता येणार नाही. तेथे अंदाजाने नाव घालू नये. 'कुळ अज्ञात' असे स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावे. 'कूटफल' हे नाव ठेवणाऱ्या विद्वानास त्याचा संकोच वाटला नाही. आपल्यालाही वाटू नये. ज्या घरातील मुले 'हे मला ठाऊक नाही' असे निःसंकोच म्हणून पुन्हा पानाकडे पाहावयास बसतील, त्या घरी आमचा हा लेखनप्रपंच सफल झाला असे आम्ही समजू.